खडखड थांबली म्हणून निर्धास्त होऊ नका

मैत्रिणींनो, मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर त्याचा वॉशर आपणच बदलतो. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की कुणी सांगायच्या आत आपल्या पायाला कळतं. मग दारातल्या मोटारीचीच गोष्ट निघाली की 'ते पुरुषांचं काम' म्हणून बाजूला का व्हायचं? आता तर गाडी आपणच चालवतो की! म्हणून आज जरा वेगळा विषय घेते, टाय रॉडचा.

स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं ज्या दांड्यामुळे वळतात, तो टाय रॉड. चाकाकडच्या त्याच्या टोकाला सुपारीएवढी लोखंडी गोळी वाटीत बसवलेली असते, ग्रीसमध्ये बुडालेली, आणि तिच्यावर रबरी टोपी. टोपी फाटली की ग्रीस बाहेर नि धूळ आत. मग जात्याचा खुंटा झिजल्यावर जसा लटपटतो, तशी ही गोळी वाटीत लटपटायला लागते. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. रबराला चिरा पडायला वेळ लागत नाही. वर काळ्या मातीची धूळ, अगदी पिठासारखी!

माझी आई अकोल्याला एकटी राहते. दर पंधरवड्याला मी नि माझी लेक अमरावतीहून गाडी काढतो. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, असा शंभरेक किलोमीटरचा पल्ला. या रस्त्याचं काम कित्येक वर्षं रखडलेलं होतं. खड्डे चुकवता चुकवता हात भरून यायचे, आणि घरी पोचेपर्यंत आईचे तीन फोन, "काहून उशीर झाला वो?" मग जून २०२२ मध्ये काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. लोणी ते मानादरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. आमच्या गल्लीत लोक म्हणाले, "विक्रम राहू दे बापा, टिकला म्हणजे झालं!"

पण माझं म्हणणं पुढंच आहे. खड्डे गेले तशी गाडीची खडखडही गेली, आणि आमच्या घरात सगळे निर्धास्त झाले. आवाज नाही म्हणजे बिघाड नाही! मला मात्र ते पटेना. रस्ता नवा झाला तरी गाडीखालचे सांधे तेच, खड्ड्यांनी ठोकून काढलेले. फरक एवढाच की पूर्वी चाळीसच्या वेगात खडखडणारी गाडी आता ऐंशीच्या वेगात गप्प होती. त्यात स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी जराशी भटके, आणि पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजलेली. ती गोळी वाटीतून निसटली तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही, हवं तिकडे वळतं. ऐंशीच्या वेगात, शेजारी पोरगी बसलेली असताना!

एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं, "पूर्ण रॅक बदलावा लागेल." म्हणजे हजारोंचा मामला. आमच्या शेजारी एस.टी.तून निवृत्त झालेले एक मेकॅनिक काका आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आधी हालवून तर पाहा, वहिनी. मंग पैशाचं बोलू."

ही तपासणी तुम्हीही करू शकाल. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावायचे, पुढचं चाक जॅकनं उचलून गाडी लोखंडी स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर किंवा विटांवर मुळीच नाही, वीट फुटते. घड्याळात नऊ नि तीन असतात तिथं चाक धरून हलवायचं. टकटक झाली, तर दुसरीनं टोकाच्या सांध्यावर बोट ठेवून पाहावं. ढिलेपणा बोटालाच लागतो. बारा नि सहाच्या जागी धरून हललं, तर दुखणं बेअरिंगचं किंवा खालच्या बॉल जॉइंटचं. आणि टकटक आतल्या रबरी भात्याखालून येत असेल, तर तो आतला सांधा. ते काम घरी करू नका. आमचा टोकाचाच होता. त्याची किंमत शेकड्यांत. दुसऱ्या बाजूचाही तेवढाच जुना, म्हणून दोन्ही आणले.

काम लेकीनं केलं, काका खुर्चीवर बसून होते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. लॉक नट सोडण्याआधी टोकाच्या बोल्टापासून नटापर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवलं आणि लॉक नट होता त्या जागी दांड्यावर माझ्या नेलपॉलिशची लाल खूण केली. (घरात इतका चांगला रंग असताना बाजारात कशाला जायचं?) स्प्लिट पिन पकडीनं काढली, खाचांचा नट चार आटे राहतील इतका सैल केला, आणि बोल्ट ज्या कड्यात अडकतो त्या कड्याच्या बाजूला हातोडीचे ठोके. सातव्या-आठव्या ठोक्याला सांधा सुटला. जुनं टोक किती फेऱ्यांत निघतं ते मी मोजलं, नवं तितक्याच फेऱ्यांत बसवून टेपनं पुन्हा ताडून पाहिलं. खाचांचा नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं टॉर्क पान्यानं आवळला. पिनेचं भोक जुळेना तेव्हा लेक नट मागे घेणार, तोच काका म्हणाले, "मांगं नाही पोरी, पुढंच!" खाच जुळवायला नट आणखी आवळायचा, सैल कधी करायचा नाही. आणि पिन नवीच, जुनी पुन्हा वाकवायची नाही.

एवढं झालं तरी काम अर्धंच. कितीही मोजा, चाकाची दिशा केसभर हलतेच, आणि केसभरानं नवा टायर महिन्या-दोन महिन्यांत खाल्ला जातो. म्हणून हळूहळू जवळच्या दुकानात जाऊन व्हील अलाइनमेंट करून घ्या. त्याआधी हमरस्त्यावर गाडी नेऊ नका. तिथला माणूस तोच लॉक नट सोडून दांडा फिरवतो, तेव्हा त्यानं तो परत आवळला का हे समोर उभं राहून बघा. मग दांडा नि नट दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. मी अकोल्याच्या दोन खेपा झाल्यावर वाकून पाहिली, जुळलेली होती.