हातोडी आणि लाखोळी

गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीचा हलका ठोका दिला की पाय पुढे उडतो. लहान पोरं हसतात, म्हातारी माणसं ओशाळतात. पाय उडला की नाही, एवढ्यावर मी थांबत नाही; तो किती उडला हे पाहतो. माझ्या टेबलावर एमआरआय नाही. हातोडी आहे, किल्लीचं टोक आहे आणि दारातून आत येणाऱ्या माणसाची चाल आहे. त्यातली चाल बहुधा सगळ्यात आधी बोलते.

जवाहरनगरजवळच्या एका गावातले बाबाजी आले होते खोकल्यासाठी. हातात काठी, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, गुडघे एकमेकांना घासत होते. हात, बोलणं, लघवीवरचा ताबा, सगळं ठीक. मांड्या वाळलेल्या नव्हत्या, उलट लाकडी म्हणाव्या इतक्या ताठ. ठोका देताच पाय झटक्यात उडाला आणि थरथरत राहिला. तळव्याच्या कडेने किल्ली ओढली, तर अंगठा खाली वळण्याऐवजी वर गेला. बॅबिन्स्कीने ही खूण १८९६ मध्ये सांगितली. आजही ती फुकटात मिळते.

"कधीपासून असं?"

"जवान होतो तवापासून जी. त्या साली धान गेला. घरी लाखोरीच होती."

"नंतर वाढलं?"

"नाही. गेलं तेवढंच गेलं."

निदान त्यांनीच सांगून टाकलं होतं: लॅथिरिझम, म्हणजे लाखोळीची डाळच खाऊन राहिल्याने पाय ताठण्याचा आजार.

पाय हलवायला दोन चेतापेशी लागतात. वरची मेंदूच्या पृष्ठभागात असते. तिथल्या सर्वांत मोठ्या पेशी कीव्हच्या बेट्झने १८७४ मध्ये दाखवल्या. तिचा तंतू पाठीच्या कण्यातून थेट कमरेपर्यंत उतरतो आणि तिथल्या खालच्या पेशीला हुकूम देतो. पण हुकमाइतकंच तिचं दुसरं काम मोठं: आवर घालणं. वरची मेली की खालची जिवंत असते, पण बेलगाम. म्हणून पाय लुळा पडत नाही, ताठतो. लोक 'नस कमजोर झाली' म्हणतात तेव्हा मला दर वेळी वाटतं, इथे कमजोरीपेक्षा अनावरपणाच जास्त आहे.

आणि लॅथिरिझममध्ये ती वरची पेशी मरते तीही अतिरेकानेच. शांत चेतापेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. तो टिकवायला, बांधीत शिरलेलं पाणी उपसत राहावं तसा एक पंप सोडियम अखंड बाहेर टाकत असतो. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेतला त्याचा वाटा सुमारे २० टक्के. त्यातला मोठा भाग या उपशावर जातो. शेजारच्या पेशीने ग्लुटामेट सोडलं की दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, संदेश पुढे जातो. लगेच ते ग्लुटामेट शोषून घेतलं जातं आणि दारं मिटतात. लाखोळीतलं ओडॅप नावाचं अमिनो आम्ल ग्लुटामेटचंच सोंग घेतं. ते याच दारांवर बसून राहतं. पेशी उत्तेजित होत राहते, आत कॅल्शियम साचतो, ऊर्जा बनवणारी यंत्रणा कोलमडते. ओडॅप १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वेगळं काढलं गेलं. उत्तेजनेने होणाऱ्या अशा मरणाला नाव दिलं ते अमेरिकेच्या जॉन ऑल्नीने. पक्षाघातातही रक्तपुरवठा तुटला की पंप थांबतात, ग्लुटामेट सांडतं आणि शेजारच्या धडधाकट पेशीही होरपळतात.

मग लाखोळी विष का? आमच्याकडे धान कापणीला येण्याआधी उभ्या पिकातच ती फेकतात. उरल्या ओलीवर, नांगर न लावता येते. तिचे वडे होतात, कोवळ्या पाल्याची भाजी होते, आणि ती खाऊन कुणी लंगडत नाही. लंगडतो तो, ज्याच्या ताटात महिनोन्महिने दुसरं काही नसतं. रोमानियाच्या ताब्यातल्या वाप्निआर्का छावणीत १९४२-४३ मध्ये ज्यू कैद्यांना हेच दाणे खायला घातले, तेव्हा कैद्यांतल्याच डॉ. आर्थर केसलरने हा आजार ओळखला. डाळ भिजवून, उकळून पाणी फेकलं तर बरंचसं ओडॅप निघून जातं. पण दुष्काळात पाणी फेकणार कोण?

आपल्याकडे केंद्र सरकारने १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आणली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी त्या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले. पुढे रतन, प्रतीक, महातिवरा असे कमी ओडॅपचे वाण आले. माझं मत विचाराल तर बंदीने डाळीला आरोपी केलं आणि उपासमार सुटली.

बाबाजींना मी स्नायू सैल करणारी बॅक्लोफेनची गोळी सुचवली. त्यांनी मान हलवली.

"पाय ताठ आहेत म्हनून त उभा आहो जी. खोकल्याचं द्या."

त्यांचं बरोबर होतं. अशा रोग्यांच्या पायांत ताकद कमी उरलेली असते आणि त्या ताठपणावरच शरीराचा भार तोललेला असतो. तो पूर्ण घालवला तर माणूस खाली बसतो. रात्री पेटके फार आले तरच अर्धी गोळी घ्यायची, असं ठरलं. मग खोकला तपासला.