मालहॅमचं हरवणारं पाणी

सह्याद्रीतल्या धबधब्यांचं एक बरं असतं. पठारावर पाऊस कोसळतो, पाणी ओढ्याला लागतं, ओढा कड्यावरून उडी घेतो. कातळ काळा, घट्ट बेसॉल्टचा, त्यामुळे पावसाळ्यातलं बहुतेक पाणी त्याच्या अंगावरूनच वाहून जातं. देवकुंडला काय किंवा भाज्याला काय, धारेखाली उभं राहून मान वर केली की पाणी आलं कुठून हे विचारावं लागत नाही. यॉर्कशरमधल्या मालहॅमला मात्र हा हिशेब दिवसभर चुकत राहिला.

मुलगी लीड्सला नोकरी करते. "आई, तुझे पाय शिवशिवतायत, दिसतंय मला," म्हणाली आणि मे महिन्याच्या अखेरीस मला तिकडे घेऊन गेली. मालहॅम हे यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानातलं लहानसं गाव. भोवतीचा मुलूख चुनखडीचा. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता. त्यातल्या जिवांची कवचं आणि सांगाडे तळाशी साचत गेले, त्यांचा हा पांढुरका दगड झाला. आपला दख्खनचा बेसॉल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा.

गावातून ओढ्याच्या कडेने निघालो. पुढे दाट झाडी लागली आणि लसणीचा वास आला. रानलसणीला पांढरी फुलं आली होती, वाटेच्या दोन्ही अंगांना नुसता सडा. झाडी संपता संपता जॅनेट्स फॉस हा धबधबा दिसतो. उंची फार नाही. मागच्या कपारीत जॅनेट नावाची पऱ्यांची राणी राहते असं इथे मानत आलेत, आणि समोरच्या डोहात पूर्वी मेंढ्या धुवायचे. सह्याद्रीत सात-आठ टप्प्यांचे धबधबे पाहिलेल्या माणसाला वाटावं, एवढ्यासाठी आलो का!

पण जवळ जाऊन पाहिलं आणि मी तिथेच रेंगाळले. पाणी ज्या फुगीर, सुळकेदार पडद्यावरून खाली येत होतं तो मूळ कातळ नव्हताच. तो पाण्याने स्वतः रचलेला होता. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडी विरघळवत येतं. उघड्यावर फेसाळून पडताना तो वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच हा प्रकार. इथे तो शेवाळावर बसतो. मी वाकून पाहिलं तर शेवाळाचे शेंडे हिरवेगार, ओले, आणि बोटभर खाली तेच शेवाळ दगड झालेलं. तंतू न् तंतू ओळखू येत होता. धबधबा कडा झिजवत मागे सरकतो हे मला ठाऊक होतं. दगड रचत पुढे येणारा धबधबा मी पहिल्यांदा पाहत होते.

तिथून थोडं पुढे गॉर्डेल स्कारची घळ. शंभर मीटरहून उंच कडे दोन्हीकडून अंगावर येतात, वरच्या बाजूला तर ते आत झुकलेत. वळण घेतल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. जेम्स वॉर्ड या चित्रकाराने १८१२ ते १८१४ च्या सुमारास या घळीचं चित्र काढलं. ते चार मीटरहून रुंद आहे, लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. एवढा मोठा कॅनव्हास का लागला असेल ते आत उभं राहिल्यावर पटतं. पुढची वाट धबधब्याला लागूनच वर चढते. पाणी कमी होतं म्हणून आम्ही चढलो. पाऊस झालेला असता तर मी मुलीला पाऊल टाकू दिलं नसतं. इथेही तोच चुन्याचा थर, खरखरीत, हाताला चांगली पकड देणारा. लोकांच्या पावलांनी काही खोबण्या मात्र गुळगुळीत झाल्यात. "आई, डावा पाय वर घे, अजून," असं मुलगी वरून सांगत होती. एके काळी कर्नाळ्याला मी हेच तिला सांगत होते.

वर मोकळा माळ, मेंढ्या, चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले कुसू. माळ ओलांडला की मालहॅम टार्न हे तळं लागतं. चुनखडीच्या मुलखात तळं टिकावं कसं? कारण त्याच्या तळाशी पाणी न झिरपणारा पाटीचा जुना दगड आहे. तळ्यातून एक ओढा दक्षिणेला निघतो, कुरणातून खळखळत जातो आणि चुनखडीवर आला की संपतो. भोक नाही, गुहा नाही. गोट्यांच्या राशीत शिरताना पाणी बोटभर उथळ होतं आणि पुढे कोरडं गवत! मुलीने त्या शेवटच्या पाण्यात हात बुडवला. मी चार पावलं पुढे जाऊन खाली कान लावला. काही ऐकू आलं नाही.

पुढची वाट वॉटलोज या सुक्या दरीतून उतरते. दरी नदीने कोरल्यासारखी, पण नदी नाही. हिमयुगात जमीन गोठली होती, खालच्या भेगा बर्फाने बुजल्या होत्या, म्हणून वितळलेलं पाणी वरून वाहिलं आणि त्याने ही दरी कोरली. बर्फ गेला, भेगा मोकळ्या झाल्या, पाणी खाली गेलं. दरीच्या तोंडाशी चुनखडीच्या लाद्यांचं पठार आहे. लाद्यांमधल्या भेगा कुठे ढोपरभर, कुठे माणूस छातीपर्यंत उतरेल एवढ्या. वरून सगळं उजाड, पण भेगेत वाकून पाहिलं तर जिभेसारख्या लांब पानांचे नेचे, ओलसर सावलीत दाटीने उगवलेले.

आणि पठार जिथे तुटतं तो मालहॅम कोव्ह. ८० मीटर उंच, ३०० मीटर रुंद, आत वळलेला पांढरा कडा. हिमयुगाच्या शेवटी इथून प्रचंड धबधबा कोसळत होता, नायगाराहून उंच. आज कडा कोरडा. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळाच्या पावसाने जमिनीखालच्या वाटा तुंबल्या आणि थोडा वेळ पाणी पुन्हा कड्यावरून पडलं. गावातल्या कुणीही तोवर ते पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या धबधब्यांत मला सर्वांत मोठा वाटला तो हाच.

चारशेएक पायऱ्या उतरून कड्याच्या पायथ्याशी आलो, तर खडकाच्या खालून ओढा बाहेर येत होता. "बघ, तेच पाणी!" मी म्हणाले. "नाही ना गं," मुलगी म्हणाली. तिने आधीच वाचलं होतं. पाण्यात रंग सोडून पाहिलंय. कड्याखालचा ओढा दुसरीकडे, स्मेल्ट मिल सिंक्सला जमिनीत शिरलेल्या पाण्याचा. तळ्याचं पाणी निघतं गावाच्याही पलीकडे, एअर हेडच्या झऱ्यांशी. म्हणजे दोन्ही प्रवाह पोटातल्या पोटात एकमेकांना ओलांडून जातात.

पाय बोलत होते, तरी झऱ्यांपर्यंत गेलोच. कुरणाच्या कडेला जमिनीतून पाणी वर येतं, नितळ, बऱ्यापैकी जोराने. तिथून पुढे ती एअर नदी. लीड्स शहरातून वाहते तीच.

"म्हणजे माझ्या ऑफिसला जाताना पूल लागतो तो..."

"तोच की."

मालहॅमला कुणी गेलंच तर पूर्ण फेरी करावी. बारा-तेरा किलोमीटर भरते, दिवस सहज जातो. पाऊस पडत असेल तर गॉर्डेलची चढण सोडून वळसा घ्यावा. आणि बहुतेक लोक कोव्ह पाहून गाडीकडे वळतात तसं न करता गावाच्या दक्षिणेला एअर हेडपर्यंत जावं. तिथे पाटी लहान आहे, हॉटेल नाही, फोटोही फारसा येत नाही, पण वर गोट्यांत शिरलेलं पाणी तिथे भेटतं.