कॉलनी उगवायची वाट पाहण्याचे दिवस

आम्ही सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो तेव्हा माती जिवंत आहे हे प्लेटवर सिद्ध करावं लागे. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची, ते पाणी विरळ करत न्यायचं, अगारच्या जेलीवर पसरायचं आणि जंतूंची कॉलनी उगवायची वाट पाहायची. बागेतल्या मातीची प्लेट एक-दोन दिवसांत गच्च भरे. अंटार्क्टिकाच्या मातीवर काम करणाऱ्यांना मात्र कमी तापमानात ठेवलेल्या प्लेटा आठवडेच्या आठवडे निरखाव्या लागत.

तिथल्या जवळजवळ बर्फ नसलेल्या कोरड्या दऱ्यांना पहिल्यापासूनच मृत म्हटलं गेलं. १९०३ मध्ये त्यांपैकी टेलर दरीत उतरलेल्या ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉटला तिथे जिवंत असं काही दिसलं नाही. पुढे मंगळाची रंगीत तालीम म्हणून नासाची माणसं तिथली माती गोळा करू लागली. काही नमुन्यांत काहीच उगवलं नाही, तेव्हा ही माती निर्जंतुक असल्याचं नॉर्मन होरोविट्झ आणि रॉय कॅमेरॉन यांनी मांडलं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वुल्फ व्हिश्नियाक यांना ते पटत नव्हतं. स्वतःच्या पद्धतीने शोध घेताना डिसेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका उतारावरून पडून ते गेले. त्यांनी जमवलेल्या दगडांत, पृष्ठभागाखाली मिलिमीटरभर आत, इम्रे फ्रीडमन यांना हिरवे सूक्ष्मजीव सापडले. ही हकीकत वाचताना आजही गळा दाटून येतो.

तेव्हा तिथे पोचणंच अवघड होतं, स्त्रियांना तर फारच. अमेरिकेने आपल्या मोहिमांत स्त्री-संशोधकांना १९६९ मध्ये वाट दिली. १९८३ च्या भारतीय मोहिमेत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या, मूळच्या नागपूरच्या अदिती पंत गेल्या. त्यांचा विषय समुद्र होता. पण मराठी घरांतल्या कितीतरी मुलींना त्या बातमीने दक्षिण ध्रुव आपल्याही आवाक्यातला वाटला. १९८९ पासून अमेरिकन संशोधक डायना वॉल टेलर दरीत मातीतले सूत्रकृमी मोजू लागल्या. त्या वर्षानुवर्षं तिथे जात राहिल्या. आज तिथल्या एका दरीला त्यांचं नाव आहे. आपला मैत्री तळ जिथे आहे त्या शिर्माकर ओअॅसिसच्या मातीतून एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस हा नवा जीवाणू वाढवला आणि १९९२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं.

आता गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत तरुण मुलंमुली मैत्री आणि भारती या तळांवर जातात, उत्तरेला स्वालबार्डच्या हिमाद्री तळावरही. डीएनए थेट मातीतून काढतात. प्लेटवर कधीच न उगवलेल्या शेकडो जीवांचा पत्ता एका नमुन्यात लागतो. शिस्तही वाढली आहे. पूर्वी अंटार्क्टिकातल्या तळांचा कचरा तिथेच पडे. आता कोरड्या दऱ्यांतल्या छावण्यांमधून लघवीसुद्धा भरून परत आणतात. ज्या मातीत आपल्या अंगावरचे जंतू तिथल्या जिवांपेक्षा सहज जास्त भरतील, तिथे हे हवंच होतं.

या बदलाचा मला मनापासून आनंद आहे. तरी त्या जुन्या थांबण्याची ओढ जात नाही, आणि तिला कारण आहे. २०१७ मध्ये बेलिंडा फेरारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पूर्व अंटार्क्टिकाच्या उघड्या मातीतले काही जीवाणू हवेतल्या अत्यल्प हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडवर ऊर्जा मिळवतात. त्यांना सूर्यप्रकाशही लागत नाही. याचा सुगावा जनुकांनी दिला. खात्री मात्र जिवंत माती बंद ठेवून, आतला वायू घटतो का हे तपासल्यावरच पटली. शॅकलटन हिमनदीजवळच्या काही नमुन्यांत तर २०२१ मध्ये नव्या साधनांनाही जीवाचा माग लागला नाही, आणि होरोविट्झ-व्हिश्नियाक यांचा जुना वाद पुन्हा उभा राहिला. म्हणून आजच्या विद्यार्थ्यांना माझं आर्जवाने सांगणं आहे: डीएनए जरूर वाचा, पण अगार ओतायला आणि मातीला तिच्या वेगाने उत्तर द्यायला वेळ द्यायलाही शिका. मातीत कोण आहे हे आता लवकर कळतं. तो जगतो कसा, हे कळायला अजूनही थांबावं लागतं.