लाळेचं ऋण

ग्रेट डेन जातीचा कुत्रा गजा आमच्या घरात आला मुलाच्या हट्टापायी, पण टिकला तो सुभेदारांमुळं. सुभेदार साताऱ्यात आमच्याच गल्लीत राहतात. लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरमधून निवृत्त झालेले. बरीचशी नोकरी मेरठला, कुत्र्यांच्या संगतीत.

गजा वर्षाचा झाला आणि त्याच्या लाळेवरून घरात रोज तंटे सुरू झाले. पाणी प्यायला की मान झटकायचा. भिंती, दप्तरं, एकदा तर देव्हाऱ्याचा पडदा. ‘याला काहीतरी रोग आहे,’ असं हिनं ठरवूनच टाकलं होतं. सुभेदारांनी गजाच्या ओठाची कड अंगठ्यानं हलकेच खाली ओढली. आत गुलाबी कातडीची खोलगट पिशवी, आणि तिच्यात साचलेली लाळ. ‘‘मास्तर, लाळ जादा न्हाई सुटत याला. ओठच लोंबत्यात, म्हणून आत ऱ्हात न्हाई.’’ सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ, ब्लडहाउंड, सगळ्यांची हीच गत. जेवणाचा वास आला, गाडीत बसवलं, की धार लागायचीच. शास्त्रज्ञ पाव्हलॉवनं कुत्र्यांची लाळ थेंबाथेंबानं मोजली. आमच्याकडे ती फडक्यांवर मोजली जायची.

सुभेदार म्हणायचे, रोजची लाळ नीट बघून ठेवा, म्हणजे निराळी लगेच कळंल. एकाच बाजूनं गळतेय, वास मारतोय, तर दात किंवा टाळूत आडवं अडकलेलं हाडूक. उन्हात धाप लागून चिकट तारा लोंबायला लागल्या तर आधी सावली, अंगावर पाणी आणि मग डॉक्टर. फवारलेल्या रानातून आल्यावर एकाएकी फेस आला तर विषबाधा धरूनच चालायचं. आणि जबडा लुळा पडलाय, गिळता येत नाही, असं दिसलं तर तोंडात हात घालायचा नाही. पिसाळलेलं असू शकतं. हे सांगताना सुभेदारांचा आवाज बदलायचा.

एका रात्री जेवणानंतर गजा जागेवर थांबेना. ओकाऱ्या येत होत्या, पण पडत काहीच नव्हतं, नुसता पांढरा फेस. लाळेच्या तारा पार पायांपर्यंत. सुभेदार बनियनवरच धावत आले. बरगड्यांमागं बोटानं टिचकी मारली, तर पोट ढोलासारखं वाजलं. ‘‘जठराला पीळ पडलाय. सकाळची वाट बघू नगा.’’

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे होतं. हवेनं फुगलेलं जठर स्वतःभोवती फिरतं, रक्तपुरवठा तुटतो, आणि मग खेळ काही तासांचाच. गावातल्या डॉक्टरांनी जाड सुई घालून हवा काढली आणि पुण्याला पिटाळलं. खंबाटकीच्या वळणांवर गाडीच्या मागच्या बाजूला गजाचं डोकं सुभेदारांच्या मांडीवर होतं. पुण्यात पहाटे शस्त्रक्रिया झाली. पीळ सोडवला आणि पुन्हा पडू नये म्हणून जठर आतून पोटाच्या भिंतीला शिवून टाकलं. गजा त्यानंतरही कैक वर्षं भिंती रंगवत राहिला.

पैशाचं नाव काढलं तर सुभेदार उखडायचे. ‘‘सरकारनं शिकिवलंय. माझं काय हाय त्यात?’’ त्या रात्री त्यांचं धोतर मात्र कामातून गेलं होतं. म्हणून दिवाळीला नवं धोतर आणि चार पंचे नेऊन दिले. ते त्यांनी ठेवून घेतले. पंच्यांच्या काठांचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला, हे अजूनही चारचौघांत मला ऐकवतात.