सीझन

आमच्या गावात सीझन म्हणजे उसाचा. दिवाळी सरली की गुऱ्हाळं पेटायची आणि शिमग्यापर्यंत काहिलीखालचा जाळ थंड व्हायचा नाही. कोल्हापुरात कॉलेजला गेलो तेव्हा कळलं, तिथं सीझन म्हणजे फुटबॉलचा. तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा ओस पडायच्या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं पोरं कुलदैवतासारखी घ्यायची. तालमीनं फुटबॉलचा संघ काढावा, हे मला बरेच दिवस उमगलंच नव्हतं.

मी भोगावतीकाठचा, कबड्डी खेळलेला. 1986 साली कॉलेजच्या मैदानात उघड्या पायानं मारलेला एक चेंडू जिमखान्याच्या सरांनी बघितला. "कुठल्या गावचा रं तू?" म्हणाले आणि मला बॅकला उभं केलं. बूट एका सीनियरचे, एक नंबर मोठे. पुढं चिंध्या कोंबून घालायचो. बाकीची पोरं पेठेतली. आमचे दोन फॉरवर्ड तर वेगवेगळ्या तालमींचे. स्टेडियमवर एकमेकांविरुद्ध खेळायचे ते कॉलेजच्या जर्सीतही पास द्यायचे नाहीत. सर बाहेरनं ओरडायचे, "अरं, पेठ घरात ठेवून या की!" मला पेठ नव्हती, म्हणून दोघंही माझ्याकडं चेंडू मागायचे. तेवढीच माझी किंमत, पण ती मला लई वाटायची.

बघता बघता आम्ही विद्यापीठाच्या विभागीय फायनलला पोचलो. त्याच आठवड्यात यष्टीनं येणाऱ्या डब्यात धाकट्या बहिणीच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली : गुरुवारी आपला गुऱ्हाळाचा नंबर आहे, अण्णांनी बोलावलंय. फायनलही गुरुवारचीच.

बुधवारी रात्री घरी गेलो. अण्णा गोठ्यात होते.

"उद्या मॅच हाय, अण्णा."

"किती जण खेळता?"

"अकरा."

"मग एक नसला तर काय हुतंय? हितं आपण चौघंच हाय."

मला उत्तर सुचलं नाही. नंबर चुकवला तर पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नव्हता, आणि फडातला ऊस वाळत होता. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "दादा, तू जा. चिपाडं मी वाळवते. उद्या निस्ता चित्रकलेचा पेपर हाय, त्यात काय?"

ती सातवीत होती. चाचणी परीक्षेचं वेळापत्रक तिनंच लिहून भिंतीला चिकटवलं होतं. गुरुवारसमोर गणित लिहिलं होतं. मी ते वाचलं, आणि सकाळची पहिली गाडी धरली.

सामना आम्ही 2-1 नं जिंकलो. शेवटचा गोल एका फॉरवर्डनं दुसऱ्याच्या पासवर मारला आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रात्री गुऱ्हाळावर गेलो. चुलवाणाच्या उजेडात धाकटी चिपाडाचे भारे ओढत होती. हात खरचटलेले, केसांत भुसा. "जिंकला?" तिनं विचारलं. मी मान हलवली. अण्णा म्हणाले, "झालं का? आता हिकडं लाग." मी सदऱ्याच्या बाह्या सारल्या.

पुढच्या आंतरविभागीय स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात बाहेर पडलो. संपला सीझन. घरात मात्र, पोरीच्या हाताला उरक हाय, असं सगळ्यांच्या तोंडी बसलं. भांगलण आली, ती घरी राहिली. आई आजारी पडली, ती घरी राहिली. आठवीला शेजारच्या गावच्या हायस्कुलात तिचं नाव घालायचं राहून गेलं ते गेलंच. मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो.

परवा तिच्या घरी गेलो होतो. न राहवून विचारलं, "त्या दिवशी पेपर गणिताचा हुता न्हवं?"

ती चहा गाळत होती. हात क्षणभर थांबला.

"तुला ठावं हुतं व्हय?" म्हणाली, आणि कप माझ्यापुढं सरकवला.