पाचोऱ्याची पोर आणि फ्रेंच बोलणारं बेट

मैत्रिणींनो, आमच्या पाचोऱ्यात एखाद्या घरची मुलगी परदेशात आहे म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "जावई काय करतात?" आमची धाकटी नणंद, घरातली छोटी, मॉरिशसला गेली ती मात्र एकटी आणि नोकरीसाठी. नोकरी तरी कसली, तर टेलिफोनवर बोलायची! सासूबाई म्हणाल्या, "बोलायचे पैसे मिळतात होय? मग आपल्या गल्लीतल्या निम्म्या बाया लखपती व्हायला हव्यात."

हसलात ना? पण तिच्या जाण्यात माझा हात होता. पुण्याला बी. ए. करताना तिनं फ्रेंच घेतलं, तेव्हा "याचा उपयोग काय?" असंच सगळे म्हणत होते. मी सकाळच्या वेळात शाळेत इंग्रजी शिकवते. शिकलेली भाषा कधी वाया जात नाही, असं मीच तेव्हा ठासून सांगितलं. ती जाऊन दोन वर्षं झाली, जळगावचं चांगलं स्थळ सांगून आलं आणि माझं ते बोलणं माझ्याच अंगाशी आलं. गेल्या गणपतीत आम्ही दोघं तिला भेटायला निघालो. (घरचा गणपती थोरल्या दिरांकडे बसतो, म्हणून सुटता आलं.) सासूबाईंनी शेव आणि काळा मसाला बांधून दिला आणि वर बजावलं, "डबे तिथं ठेवा नि पोरीला घेऊन या!"

पाचोऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून विमानानं सहा-साडेसहा तास. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागं करायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. केळी-कापसाच्या मुलखातून आलेल्या मला वाटलं, परदेशात नव्हे, कोल्हापूरकडेच कुठंतरी उतरलो! दुकानांच्या पाट्या वाचल्या तेव्हा कुठं खात्री पटली. एक पाटी इंग्रजी, शेजारची फ्रेंच.

याचं कारण मोठं गमतीचं आहे. १७१५ पासून हे बेट फ्रेंचांकडे होतं. १८१० साली इंग्रजांनी ते जिंकलं, पण रहिवाशांची भाषा, कायदे आणि चालीरीती राखू, असं तहात कबूल केलं. त्यामुळं १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळेपर्यंत राज्य इंग्रजांचं आणि वळण फ्रेंचांचं असा प्रकार चालला. आजही पार्लमेंटची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच आणि घरात-बाजारात क्रेओल बोली. शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही सगळ्यांना. मग फ्रान्समधल्या कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांचे फोन इकडे वळवले, यात नवल ते काय! शिवाय तिथलं घड्याळ फ्रान्सच्या पुढं उन्हाळ्यात दोन आणि हिवाळ्यात तीनच तास. म्हणजे आपल्याकडच्या मुली अमेरिकेच्या फोनसाठी रात्री जागतात, तसं जागरण नको.

छोटीचं ऑफिस एबेन नावाच्या वसाहतीत आहे. भारताच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या तिथल्या संगणकनगरीत काचेचे उंच मनोरे आहेत. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून मी मनोरा खालूनच पाहिला. काम कसं चालतं ते मात्र तिनं स्वयंपाकघरात, कांदा चिरता चिरता समजावलं.

फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच 'तू' वेगळं आणि 'तुम्ही' वेगळं. गिऱ्हाइकाला चुकून 'तू' म्हटलं की संपलंच! अक्षरांची तऱ्हा आणखी निराळी. इंग्रजीतल्या 'जी'ला ते 'झे' म्हणतात आणि 'जे'ला 'झी'. एक फोन इंग्रजी, पुढचा फ्रेंच. मध्ये दम घ्यायलाही वेळ नाही, की आडनाव चुकलंच म्हणून समजा. आकड्यांची तर कमाल आहे. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ! टेलिफोन नंबर दहा आकडी, तो सांगायचा दोन-दोनच्या जोडीनं. गिऱ्हाईक 'साठ' म्हणालं म्हणून लगेच लिहून मोकळं व्हायचं नाही. पाठोपाठ 'सतरा' आलं, तर ते सत्त्याहत्तर असतं.

आणि दिवसभर ऐकायच्या त्या तक्रारी. पार्सल आलं नाही, बिल जास्त आलं, इंटरनेट बंद पडलं. चूक हिची नसते, पण 'माफ करा' हिनंच म्हणायचं.

एक गोष्ट तिनं घरी कधी सांगितली नव्हती. कामावर तिचं नावच वेगळं आहे! गिऱ्हाइकांना सोपं पडावं म्हणून तिला एक फ्रेंच नाव दिलंय. "बोलणी त्या नावाला बसतात वहिनी, मला नाही," असं म्हणून ती हसली. मग भांडी विसळताना हळूच म्हणाली, "पण कुणी मनापासून आभार मानले, तर तेही तिलाच मिळतात."

मला काही सुचेना. वाटलं, सासूबाईंचंच खरं की काय?

दुसऱ्या दिवशी आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहायला गेलो. १८३४ पासून १९२० पर्यंत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास मजूर करारावर या बेटावर आले. घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. २००६ साली त्याला जागतिक वारसा ठरवलं गेलं. मुंबई बंदरातून आपले कोकणातले, साताऱ्याकडचे लोकही आले होते. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू येईल तसं कागदावर चढायचं.

छोटीची घरमालकीण त्यांच्याच वंशातली, सत्तरीची बाई. बोलणं सगळं क्रेओल. गणपतीची तिथं सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी तिच्या घरी आरतीला उभी राहिले आणि अंगावर काटा आला. साधं 'पाणी द्या' मराठीत म्हणता न येणारी ती बाई पूर्ण आरती खणखणीत म्हणत होती. मी छोटीकरवी विचारलं, "तुमच्या पणजोबांचं नाव कागदावर चुकलं, त्याचं वाईट वाटतं का?" बाई म्हणाल्या, "कागदावर चुकलं. घरात आम्ही बरोबर हाक मारत होतो."

छोटी हे मला मराठीत सांगता सांगता मध्येच थांबली. मीही काही बोलले नाही. त्या रात्री तिनं स्वतःच विषय काढला. "स्थळ बघायला दिवाळीत येते वहिनी, पण नोकरी सोडून नाही. चालत असेल तर बघू."

मैत्रिणींनो, तुमच्या घरची मुलगी अशा कामाला निघाली, तर हौसेबरोबर कागदही पाहा. फ्रेंचची 'डेल्फ' परीक्षा निदान बी-टू पातळीपर्यंत झालेली बरी. करारपत्र स्वतः बसून वाचा. कामाचा परवाना नोकरी देणाऱ्याशी बांधलेला असतो, तेव्हा नोकरी सुटली तर काय, परतीचं तिकीट कुणाचं, हे आधी विचारा. पगारातून घरभाडं वजा करून मगच आकडा मनात धरा. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. आणि दर आठवड्याला फोन करून तिला घरच्या नावानं हाक मारा. हे शेवटचं मी तिथंच शिकले.

आम्ही पोरीविना परतलो, तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी छोटीचा फोन आला. तिनं आईला चार-वीसचं ते गणित सांगितलं. सासूबाई पापड अजून विसावर मोजतात, दोन विसा, तीन विसा. रागावल्या किंवा खूश झाल्या की त्या अहिराणीत शिरतात. "मंग हाई ते आपलंच मोजनं शे ना!" म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या.

जळगावकरांचं उत्तर अजून यायचं आहे. दिवाळीच्या पापडांत मात्र सासूबाईंनी यंदा चार विसा छोटीच्या नावचे वेगळे काढून ठेवलेत, परत जाताना न्यायला.