मंद चालीची परीक्षा

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्या वर्गाला एक सवय जडलेली असते. नव्या ठिकाणी रुजू झालो की आधीच्या अधिकाऱ्याने ज्या ज्या नमुन्याच्या कागदावर सही केलेली असेल, त्या त्या कागदावर आम्हीही सही करतो. भाषा नवी, माणसे नवी, जेवणाच्या वेळासुद्धा नव्या. ओळखीचा असतो तो फक्त कागद. त्याचाच काय तो आधार वाटतो. अशाच एका सहीची ही हकीकत आहे. ती सांगण्यात आम्हांस भूषण आहे असे मुळीच नाही. परंतु हे पान वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या टेबलावर तसला कागद आजही येत असेल, म्हणून सांगतो.

2018 च्या उन्हाळ्यात आमची तंजावर जिल्ह्यात बदली झाली. तंजावर म्हटल्याबरोबर घरच्यांना व्यंकोजीराजे आठवले, सरस्वती महाल आठवला, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवला. ते सारे आम्हीही पहिल्या पंधरवड्यात भक्तिभावाने पाहून घेतले. परंतु कचेरीने आमच्या हवाली केलेले तंजावर निराळे होते. कोळ्ळिडम नदीच्या काठची काही गावे, त्यांच्या पुराची काळजी, आणि एका गोदामात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली एक होडी व तिचे यंत्र, एवढा तो संसार होता.

यंत्र म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायची मोटार. ऑले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने 1909 साली अमेरिकेत अशा मोटारी विकावयास आरंभ केला. तेव्हापासून आजतागायत तिचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही: वर इंजिन, खाली पाण्यात पंखा, आणि हातात एक दांडा. दांडा वळवावा तशी होडी वळते, आणि दांड्याची मूठ पिळावी तसा वेग वाढतो. आमची मोटार दोन सिलिंडरांची, जुनी, पेट्रोलात तेल मिसळून चालणारी होती. तिच्यावरचा रंग उडाला होता, पण आवाज दणदणीत होता.

जूनमध्ये पावसाळ्यापूर्वीची तपासणी झाली. घाटावर होडी उतरवली. चालकाने दोरी ओढली, मूठ पिळली, आणि होडी नाक वर करून पाण्यावरून अशी काही धावली की काठावरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. परत येताना त्याने वेग कमी केला तो यंत्र बंद पडले. पुन्हा चालू केले; पुन्हा काठाजवळ येताच बंद. तिसऱ्या खेपेस त्याने वेग उतरवलाच नाही. बऱ्याच वेगात येऊन, ऐन वेळी इंजिन आपण होऊन थांबवून, होडी मोठ्या कौशल्याने काठाला लावली. “वेगात काही अडचण नाही, सार,” तो म्हणाला. आम्ही घड्याळ पाहिले. जेवणाची वेळ झाली होती. ‘यंत्र सुस्थितीत आहे’ या छापील वाक्याखाली आम्ही सही केली.

आता थोडे नद्यांविषयी सांगितले पाहिजे. कावेरी तिरुचिरापल्लीच्या वर मुक्कोंबू येथे दुभंगते. तिचा उत्तरेकडचा फाटा तो कोळ्ळिडम. दक्षिणेकडची कावेरी पुढे कल्लणैला येते. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा तो प्राचीन बंधारा. तेथे पाण्याचे पुन्हा वाटे होतात: कावेरी, वेण्णार, आणि मेट्टूर धरणाबरोबर 1934 साली तयार झालेला कल्लणै कालवा. शेतांना पाणी पाजण्याचे काम या तिघांचे. पुराचे जास्तीचे पाणी समुद्रापर्यंत वाहून न्यायचे हे कोळ्ळिडमचे काम. म्हणून मेट्टूर भरून वाहू लागले की प्रथम धडकी भरते ती कोळ्ळिडमच्या काठाला.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस मेट्टूर भरले. ऑगस्टात कोळ्ळिडम दोन्ही काठ भरून वाहू लागली. मुक्कोंबूच्या जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले तो हाच महिना. त्याच्या थोडे आधी एका सकाळी निरोप आला की पात्रालगतच्या उंचवट्यावरील एका वस्तीत पाणी शिरले आहे. माणसे बाहेर पडली, पण एक आजी घर सोडावयास तयार नाही.

आम्ही होडी घेऊन निघालो. चालक, बांबू घेतलेला एक नावाडी आणि आम्ही. केळीच्या बागेतून पाणी वाहत होते; घडांचे शेंडे तेवढे वर दिसत होते. आजीचे घर दिसले. तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर, ती दोन शेळ्या घेऊन बसली होती. पाणी ओट्याला वीतभर कमी होते. चालकाने मूठ सैल केली. यंत्र दोनदा खोकले आणि बंद पडले.

प्रवाहाने होडी घरावरून पुढे नेली. दोरी ओढून, यंत्र पुन्हा चालू करून, वळसा घेऊन आम्ही परत आलो. पुन्हा तोच प्रकार. वेगात जावे तर ओट्यावर आदळणार. वेग उतरवावा तर यंत्र मरणार. तिसऱ्या खेपेस यंत्र बंद पडले तेव्हा होडी आडवी झाली आणि बांबूच्या बेटाकडे वाहू लागली. नावाड्याने बांबू रोवला, तो वाकला. त्या क्षणी आम्हांस आठवला तो जूनमधला कागद आणि त्यावरची आमची सही. शाईचा रंगसुद्धा आठवला.

होडी वाचली ती आजीमुळे. तिने एका शेळीचे दावे सोडले, त्याला दुसरे जोडले, आणि एक टोक खांबाला अडकवून दुसरे आमच्याकडे फेकले. नावाड्याने ते झेलले. त्या दाव्याने आम्ही तिघे पुरुष एका सत्तरीच्या बाईच्या ओट्यापाशी ओढले गेलो. सुटका कोणी कोणाची केली हे अहवालात कसे लिहावे असा प्रश्न पुढे आम्हांस पडला होता. होडीत बसताना, आधी दोन्ही शेळ्या चढवून मग, ती आम्हांला म्हणाली, “तंबी, तुझी गाडी धावते छान. थांबायचे मात्र तिला कोणी शिकवलेले नाही.”

पूर ओसरल्यावर आम्ही मिस्त्रींचा शोध घेतला. हे गृहस्थ कल्लणै कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील एका गावचे. चार एकर भातशेती आणि पंपांची दुरुस्ती, असा त्यांचा दुहेरी धंदा. त्यांनी मोटार उघडण्याची मुळीच घाई केली नाही. होडी घाटाला दोन दोरांनी घट्ट बांधली, गिअर टाकला, आणि बराच वेळ नुसते ऐकत बसले.

प्रथम त्यांनी टाकीतले पेट्रोल एका काचेच्या बाटलीत ओतले व बाटली उन्हात ठेवली. थोड्या वेळाने तळाशी पाण्याचा थर निराळा दिसू लागला. पेट्रोल गेल्या वर्षीचे होते. त्याला वार्निशासारखा वास येत होता. ताजे पेट्रोल, ताजे तेल, टाकीच्या झाकणाचा हवेचा पेच मोकळा. यंत्राची खोकल्याची उबळ कमी झाली, पण मंद गतीला ते बंद पडेच. मग पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा. यंत्र मरू लागताच त्यांनी तो दाबला. त्याने ते जगले असते तर दोष पंपाचा किंवा नळीचा ठरला असता. ते जगले नाही. मग दोन्ही प्लग काढून, पुसून, त्यांची ठिणगी पाहिली. दोन्ही सिलिंडर कामाला होते. मग चोक. यंत्र गुदमरू लागताच त्यांनी चोक अर्धा ओढला, आणि यंत्र एकदम सावरले. मिस्त्री पहिल्यांदा हसले. चोकने हवा कमी होते. हवा कमी केल्याने जे यंत्र सावरते त्याला पेट्रोल कमी पडत असले पाहिजे, किंवा कोठून तरी चोरटी हवा शिरत असली पाहिजे. सांधे पाहिले, चोरटी हवा नव्हती. मग राहिला कार्ब्युरेटर.

तो उघडल्यावर वाटीच्या तळाशी हिरवट तपकिरी चिकटा दिसला. मिस्त्रींनी त्यातून पितळेचा एक लहानसा तुकडा काढला. त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे भोक असते. त्याला पायलट जेट म्हणतात. तो उन्हात धरून ते म्हणाले, “पाहा, सार.” आम्ही पाहिले. काहीच दिसले नाही. “बरोबर,” ते म्हणाले. “पलीकडचा उजेड दिसावयास हवा होता.”

मग त्यांनी आम्हांस समजावून सांगितले, आणि ते समजावणे आम्ही जन्मात विसरणार नाही. मूठ पुरी पिळली की पेट्रोल मोठ्या जेटमधून येते. ती मुख्य नदी. ती गाळाने सहसा बंद होत नाही. मूठ सैल केली की ती नदी थांबते, आणि सारे यंत्र या सुईएवढ्या वाटेवर जगते. “ही आमची कडैमडै,” ते म्हणाले. कडैमडै म्हणजे कालव्याचे अगदी शेवटचे टोक, जेथे पाणी पोहोचले तर पोहोचले. त्याच ऑगस्टात कोळ्ळिडम गावे बुडवीत समुद्राला जात होती आणि मिस्त्रींच्या शेताला पाणी आलेले नव्हते. “धरण भरले असे पेपरात येते. ते खोटे नाही. पण आमची वायक्काल गाळाने भरलेली आहे. तुमचे यंत्रही असेच. जोरात पाहाल तर नदी भरलेली. हळू कराल तेव्हा कळते, टोकाला पाणी आहे की नाही.”

त्यांनी जेट द्रावणात भिजवत ठेवला, मग पंक्चरच्या दुकानातल्या पंपाच्या हवेने फुंकला. तार घालू दिली नाही. पितळ मऊ, भोक मोठे झाले तर ते कायमचे बिघडते. मंद गतीच्या मिश्रणाचा पेच काढण्यापूर्वी तो हलकेच आत बसेपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजून खडूने फळीवर लिहिले, आणि परत लावताना तितकाच उघडला. मग यंत्र तापवून, होडी पाण्यात, गिअर टाकलेला, अशा स्थितीत त्यावर पाव फेऱ्याचा हात फिरवला. शेजारी आणखी एक पेच होता. तो फिरवला की यंत्राचा किमान वेग वाढतो. “पुष्कळ लोक हाच फिरवतात,” ते म्हणाले. “यंत्र बंद पडत नाही, साहेब खूश होतात. पण मग गिअर टाकताच होडी उसळी मारते. पाण्यात माणूस असेल तर?” आमच्या चालकाने खाली पाहिले. आम्हीही.

शेवटी त्यांनी जेट पुसून पुन्हा उन्हात धरला होता, तेव्हा त्यात उजेडाचा एक ठिपका दिसला होता. मोहरीहूनही लहान. तो बसवल्यावर यंत्र घाटाला बांधल्या बांधल्या अर्धा तास मंद चालीने चालले. थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार शेजारून पडत होती. कोणी बोलले नाही.

मजुरी घेताना मिस्त्रींनी एक तमिळ शब्द वापरला: कुडिमरामत्तु. गावकऱ्यांनी आपापल्या तळ्यांचा व पाटांचा गाळ स्वतः काढण्याची ही जुनी चाल; सरकारने 2017 साली तिचे पुनरुज्जीवन केले. त्यातला मरामत हा शब्द ऐकून आम्ही चमकलो. हा तर आपला! फारसी-अरबीतून आपल्याकडे आला तसा त्यांच्याकडेही गेला असावा. आपण मरामत म्हणतो ती बहुधा मोडल्यानंतर. त्यांच्या शब्दात ती दरवर्षी, पाणी सुटण्याच्या आधी, आणि स्वतःच्या हाताने करावयाची असते.

यंत्राच्या बाबतीतही तेच आहे. वापर झाला की गोड्या पाण्याने धुवावे. मोटार महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी. जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये. आता तर पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना खाते. ही कामे एका शिपायाच्या एका तासाची आहेत.

आम्ही त्या छापील नमुन्यात शाईने एक ओळ वाढवली: ‘गिअर टाकून, किमान वेगाने, पंधरा मिनिटे सलग चालवून पाहिले.’ पुढच्या जूनमध्ये ती तपासणी झाली तेव्हा काठावरच्या पोरांना तिच्यात काही मौज वाटली नाही. दोन मिनिटांत ती निघून गेली. आम्ही मात्र घड्याळ लावून पंधरा मिनिटे उभे होतो आणि मगच सही केली.

यथावकाश तेथूनही आमची बदली झाली. मध्यंतरी आमच्या जागी आलेल्यांच्याही जागी आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याचा दूरध्वनी आला. नमुना आता नव्याने छापून आला होता आणि आमची ओळ त्यात छापील झाली होती. नियमांत तिचा आधार कोठे सापडत नाही, तेव्हा ती कोणाच्या आदेशाने घातली, असे त्यांनी विचारले. एका आजीच्या, असे आम्ही सांगितले. आणि मग त्यांस सारी हकीकत प्रथमपासून सांगणे भागच पडले.